मोसुलच्या पुस्तकाची कडी

मृत्यूला कडी घालून ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ते माझे सख्खे मामू होते. कुवेतमधल्या दस्मानच्या आमच्या गल्लीत याबद्दल कुणालाही शंका नव्हती. मला मात्र एवढंच ठाऊक होतं की स्वतःच्या खोलीचं दारसुद्धा त्यांना एका धक्क्यात लावता येत नसे.

मामू मूळचे रत्नागिरीकडचे. पन्नासच्या दशकात कुवेतला आले आणि एका वर्कशॉपात फिटर झाले. लोखंडाला जिन घाबरतो, यावर त्यांचा विश्वास नमाजाखालोखाल. चहाच्या डब्याला कडी, रेडिओच्या खोळीला कडी, मच्छरदाणीलासुद्धा कडी. एका शुक्रवारी त्यांनी मशिदीबाहेर चपला साखळी-कुलपानं कठड्याला बांधल्या, किल्ली कुठेतरी पाडली आणि तापल्या डांबरावरून अनवाणी घरी आले. मी विचारलं, "मामू, चपला?" पाय बादलीत बुडवत ते म्हणाले, "सलामत हायत. तुझ्या हायत काय इतक्या सलामत?"

आमच्या वरच्या मजल्यावर इराकमधल्या मोसुलचे एक म्हातारे ख्रिस्ती शिक्षक एकटे राहत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे वाडवडिलांचं शेकडो वर्षांचं हस्तलिखित होतं. कातड्याची पानं, चामड्यानं मढवलेल्या लाकडी फळ्या, कोपऱ्यांना पितळी पत्रे. टेबलावर चामडं घासू नये म्हणून फळ्यांवर पितळी घुंड्या. आणि कडेला दोन कड्या, त्यातली एक तुटलेली. "या कड्या शोभेच्या नाहीत," उस्ताद सांगत. "कातडं मेलं तरी विसरत नाही. हवा दमट झाली की पान फुगतं, वळतं, पुन्हा जनावर व्हायला बघतं. त्याला दाबून ठेवावं लागतं." मला हे विज्ञान वाटलं. मामूंना नाही.

कारण उस्तादांनी पुढचंही सांगितलं होतं. पुस्तक आपोआप उघडलं की त्यांच्या घरातलं माणूस जातं. वडील तसे गेले, भाऊ तसा गेला. आता घरात ते एकटेच उरले होते, आणि समुद्रावरून ओला वारा सुटला होता. ते जेवेनासे झाले. दिवसभर दोन्ही तळवे पुस्तकावर दाबून बसू लागले.

शेवटी एका दुपारी मामू हत्यारं घेऊन वर निघाले, मला मागे ओढत. उस्तादांनी दमून नुकतेच हात काढले होते. पंखा बंद, पडदा निश्चल. आणि वरची फळी हलत होती. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. मग उरलेली कडी टक् करून सुटली. ओल्या जनावराचा वास आला. उस्ताद डोळे मिटून पुटपुटू लागले. भुताखेतांवर हसण्याची माझी जुनी सवय. तरीही मी दाराशी पोचलो होतो.

"धर!" मामू ओरडले.

"काय धरू?"

"पुस्तक, गाढवा! मी काय उंबरठा धर म्हणतंय?"

माझ्या तळव्यांखाली फळी वर रेटत होती. मामूंनी खिशातून लोखंडी कडी काढली, तसे उस्ताद क्षीण आवाजात म्हणाले, "पितळेची लावा. लोखंड गंजतं."

"उस्ताद, पितळेला जिन भीत नाय."

उस्तादांनी वर उचलत चाललेल्या फळीकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मामूंनी स्क्रू पिळले, कडी बसवली. फळी एकदा कण्हली आणि थांबली. संध्याकाळी उस्तादांनी आमच्याकडे माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं.

पुढे कित्येक उन्हाळे पुस्तक बंद राहिलं आणि उस्ताद जगले. कामावर जाताना मामू वर डोकावत, कडीला नखानं टिचकी मारून ऐकत आणि खाली येऊन मला हळूच सांगत, "झोपलाय." गल्लीतले लोक त्यांना सलाम करू लागले. मामू तो सलाम खाली मान घालून घेत. नाकारत मात्र कधीच नसत.

मग एका सकाळी उस्ताद गेले. मामू जिने चढत धावले, मी त्यांच्या मागे. ते पुस्तकापाशी बसले आणि कडीवरून अंगठा फिरवत राहिले, मूल झोपवावं तसा. "मी नीट लावली होती रं," ते म्हणाले. कुणीतरी त्यांना विचारत असल्यासारखे.

कडी नीटच लावलेली होती. खाऱ्या हवेनं ती गंजून फळीशी एकजीव झाली होती, आणि पुस्तक केसभरही उघडलेलं नव्हतं.