चोवीस, बत्तीस अन् धुतलेला टेप

"धू तो टेप. तिचा हात लागलाय."

मालक खुर्चीत बसून मिस्त्रीला म्हणाले. मी समोरच उभी होते. धारूरजवळ त्यांच्या बंगल्याचा पाया आखायचा दिवस. मी तिथं बिगारी, वाळूच्या पाट्या उचलायला. पोराबाळांची आई, पण दहावी पास. गणितात लई बरे मार्क होते मला.

झालं एवढंच. मिस्त्रीनं हातभर लोखंडी गुण्या लावून काटकोन धरला अन् चार खुंट्या ठोकल्या. एक बाजू चोवीस फूट, दुसरी बत्तीस. मला नुसत्या नजरेनं कळलं, कोपरा काटकोनाहून जास्त उघडलाय. राहवलं न्हाई. पाटी ठेवली, टेप एका कोपऱ्याच्या खुंटीला अडकवला अन् समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला. साडेचाळीस. म्हणले, "मिस्त्री, चोवीसचा वर्ग अन् बत्तीसचा वर्ग मिळून सोळाशे होतात. कर्ण चाळीसच भरला पाहिजे."

"पाया हाय तो!" मालक वरडले. "तुमच्या वस्तीतला हात लावून बाटवला की सगळा!"

मिस्त्रीनं टेप ड्रमात बुडवला. ड्रमातलं पाणी सकाळी मीच भरलेलं. मग त्यानं खुंट्या सरकवल्या. कुठवर? बरोब्बर चाळीस येईस्तोवर. हात बाटवतो म्हणे, आकडा मात्र चालतो. थू असल्या सोवळ्यावर!

नारळ फुटला. पेढे वाटले. सगळ्यांच्या हातावर ठेवले, माझ्या वाट्याचा मात्र पाटीत वरून टाकला. वाळूत पडला. अन् मी तो पुसून खाल्ला. आजबी आठवलं की मालकाची किळस येते, त्याहून जास्त माझी मला येते.

पुढं जिन्याचं काम निघालं. उंची नऊ फूट, खाली जागा बारा. गज कापायचे तर तिरकी बाजू किती, ते आधी पाहिजे. मिस्त्री सिमेंटच्या पोत्यांमागं आला, हळूच म्हणाला, "सांग की गं. मालकाला कळू देत न्हाई."

पंधरा. जिभेवर होतं.

"त्यांच्यासमोर विचारा," मी म्हणले.

"येडी झालीस का? काम जाईल तुझं."

तेवढ्यात मालक आले. "का थांबलंय रे काम?"

मिस्त्री उगाच पोती मोजायला लागला. मग मीच पुढं झाले. "मालक, ह्यांना आकडा येत न्हाई. मला येतो. तुमी मला विचारा. टेप मी धरीन, अन् तो कुणी धुणार न्हाई."

"लई माजलीस," ते म्हणाले. "चल, निघ इथनं."

निघाले. खोटं कशाला बोलू? सांजच्याला चूल कशी पेटवायची, ते ठाऊक नव्हतं. पण आकडा माझ्यापाशीच राहिला.

आता मी स्वतः आखणीची कामं घेते. बाई मिस्त्री म्हणून लोक हसतात. हसू देत. अजूनबी कुणीतरी मागच्या दारानं येतंच, आवाज बारीक करून कर्ण विचारायला. त्याला सांगते, चारचौघांत विचार, माझं नाव घेऊन विचार. न्हाईतर राहू दे तुझी भिंत वाकडी. मी सरळ करणार न्हाई.