तानाजीचे रविवार

दहाव्याला कावळा काही शिवेना. नदीकाठी पिंड मांडून तासभर झाला, ऊन वर आलं, माणसं कंटाळली. मंगलनं हात जोडून गेलेल्या नवऱ्याला, तानाजीला, सांगितलं, "पोरांचं समदं बघते मी, काळजी करू नगा." कावळा झाडावर ढिम्म. लेकानं, राजवर्धननं, बहिणीच्या लग्नाचं वचन दिलं. तरी ढिम्म. मग तानाजीचा मैतर सयाजी नाक पुसत पुढं आला आणि म्हणाला, "तान्या, गड्या, रविवारी तळ्याव जायचं मी सोडणार न्हाई बघ." झालं! कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला की.

"काय जीव हुता रं दोघांचा!" म्हणत माणसं हळहळली. मंगलच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आता नवऱ्याच्या दहाव्याला बाईनं असं चिडावं का? चिडू नये, कबूल. पण सत्तावीस वर्षं संसार केला हिनं, आणि मेलेल्याच्या मनातलं ओळखलं कुणी, तर ह्या बाबानं!

रागाला कारणही तसंच होतं. फौजेतून पेन्शनीवर आल्यापासून बारा वर्षं तानाजी दर रविवारी सयाजीबरोबर कडेगावच्या बाजूला एका तळ्यावर गळ टाकून बसायचा. दिवस कलल्यावर चार चिलाप्या घेऊन घरी यायचा, तेव्हा चेहरा असा मोकळा, की स्वतःच्या लग्नातसुद्धा तो तसा नव्हता. घरात मात्र तोंडाला कुलूप. "पोरीसाठी आलेलं स्थळ कसं वाटलं?" "बघू." "झोपेत दचकून का उठता?" की हा उठून गोठ्यात. मंगलला वाटायचं, माणूस कुठंतरी बोलतोच. माझ्यापाशी बोलत नाही, म्हणजे तिथं बोलत असणार. माझ्या वाटणीचं सगळं बोलणं तो सयाजी घेऊन बसलाय. बाईमाणूस असतं तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. ह्या मिशीवाल्या सवतीचं काय करायचं?

सहा महिने ती आतल्या आत जळत राहिली. रविवारी सयाजीची मोटारसायकल दारावरून गेली, की हिची तव्यातली भाकरी करपलीच म्हणून समजा. शेवटी एका रविवारी तिनं गोठ्यातला तानाजीचा गळ काढला आणि पदर खोचून निघाली. शेजारची रंगूबाई म्हणाली, "कुठं गं, मंगल?"

"सवतीकडं!" म्हणाली आणि मागं न बघता गेली. रंगूबाईला दिवसभर पुरलं ते.

तळ्यावर तिला बघून सयाजी गडबडून उभाच राहिला. "वहिनी, तुमी?"

"मला गळ टाकायला शिकवा, भावजी."

त्यानं कणकेची गोळी करून गळाला लावून दिली, दोरा कसा सोडायचा ते दाखवलं, आणि दोन हात लांब जाऊन बसला. पहिल्या रविवारी काही लागलं नाही, दुसऱ्या रविवारी दोरा बाभळीत अडकला. तिसऱ्या रविवारी हाताला हिसका बसला आणि चांगली वीतभर चिलापी वर आली. मंगल पोरीसारखी हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. आणि लगेच तिला पुन्हा राग आला. एवढं सुख असतंय व्हय इथं! आणि मला कधी एका शब्दानं सांगितलं नाही?

तिनं सरळ विचारलं, "भावजी, खरं सांगा. हितं बसून ते तुमच्यासंगं काय बोलायचे?"

"कोन, तान्या? काय बी न्हाई."

"बारा वर्सं काय बी न्हाई? मला खुळी समजता व्हय?"

"आईशप्पत, वहिनी. आला की 'राम राम', मासा लागला तर 'वढ', जाताना 'चल'. संपलं. डुलकीतनं कशापायी दचकून उठतोस, काय सलतंय, लय येळा इचारलं मी. निस्ता पाण्याकडं बघत बसायचा." सयाजीनं दोरा उगाच ओढून बघितला. "मला वाटायचं, घरी जाऊन तुमाला सांगत आसंल. लय जळायचो मी तुमच्याव. आमची कारभारीन जाऊन धा वर्सं झाली. मला घरात भिंतीच. म्हनायचो, तान्याला वहिनी हायती, त्यो आपल्याला कशाला काय सांगंल?"

त्याचं बोलणं कुणाला मिळालं असतं तर हिसकावून तरी घेतलं असतं. इथं कुणालाच मिळालं नव्हतं. मंगल ताडकन उठली आणि पाण्याकडं तोंड करून ओरडली, "आवं, दोन मानसं जीव टाकून बसली हुती की! एकाला तरी सांगायचं हुतं!"

"वहिनी, वरडू नगा, मासं जात्यात."

"जाऊ द्यात!" ती म्हणाली आणि तिथंच मटकन बसून हमसाहमशी रडली.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमाला काय सलतंय, भावजी?"

"मला?" सयाजी दचकला. दहा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं दोरा गुंडाळला, गळ बाजूला ठेवला, आणि बोलायला लागला.