कांद्याला किती पाळ्या दिल्या?

आमच्या कोल्हारकडं पुण्याहून एक ताई आल्या. जमिनीखालचं पानी कोन किती उपसतं आन त्यातून कुनाचं किती पिकतं, ह्याचा अभ्यास करायला. त्यांना हाताखाली गावातला एक मानूस पायजे हुता, लोकांना बोलतं करनारा. म्हनलं, ही नोकरी आपलीच. सरपंचापासून हेडमास्तरापत्तोर मी कुनाचाबी आवाज काढतो. दुसरा उमेदवार माझा चुलतभाऊ. त्याचा सोताचाच आवाज निघायची मारामार.

ताईंनी पारख करायला दोघांना शेजारच्या आप्पांच्या मळ्यात नेलं. मी आप्पांसमोर आप्पांचीच नक्कल केली. आप्पा हसून हसून खोकले. तेवढ्यात मी इचारलं, बोरला पानी किती हाय? आप्पांचं हसू बंद. म्हनले, कोरडी हाय. आमच्याकडं पान्याचं खरं कुनी सांगत न्हाई, नजर लागती. मला हे ठाऊक हुतं की! तरी इचारून बसलो.

भाऊ बांधावर टेकला. एक कांदा उपटून हातात फिरवला.

"आप्पा, माल लई भारी हाय. किती पाळ्या दिल्या?"

"दहा. आजून दोन देनार," आप्पा छाती फुगवून म्हनले.

आता कोरड्या बोरमधून कांदा बारा वेळा भिजतो व्हय? ताईंनी पटापटा लिहून घेतलं. नोकरी त्याला.

मग काय, गळ्यात ओळखपत्र, बुडाखाली गाडी. ताई त्याला 'सर' म्हनायच्या. आमची आई जेवताना त्याचंच कौतुक वाढायची.

एक दिवस टपरीवर मी त्याची नक्कल सुरू केली. मान वाकडी, नजर खाली, बोलनं गोगलगाईचं. समोर ऊसवाले तात्या चहा पीत बसले हुते. 'आमची हीर आटली,' असं त्यांनी भावाला सांगितलेलं सगळ्या गावाला ठाऊक.

"तात्या, ऊस लई दाट दिसतोय. पानी कितव्या दिवशी देता?"

"आठव्या," तात्या हसता हसता बोलून गेले. "आपल्या हिरीचं पानी हालत न्हाई."

तात्यांनी जीभ चावली. मी मागं बघितलं, तर भाऊ उभा. त्यानं गुमान कागद काढला, तात्यांशेजारी बसला आन हळूच इचारलं, "खोडवा का नवी लागन?"

"खोडवा," तात्या म्हनले.

मी मान वाकडी करून तसाच उभा.