मजुरीचा रकाना

शनिवार, २६ नोव्हेंबर १९७७. रक्कम चार रुपये पंचवीस पैसे. हजर होत्या आमच्या पिंपरीच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, दोन सभासद, माझी पत्नी सुनंदा आणि मंडळाचा हिशेब सांभाळणारा मी. दारात, चपला काढून, गोदाक्का उभ्या होत्या. त्यांच्या गोधडीची किंमत ठरत होती. त्या गोदाक्का दीड महिन्यापूर्वी गेल्या. त्यांचे यजमान धोंडिबा पूर्वी आमच्या कंपनीत शिपाई होते. त्या सकाळी काठी टेकत दाराशी येऊन म्हणाले, “आमची मंडळी गेली, साहेब.” न्यूमोनिया झाला होता. अंत्ययात्रेला कॉलनीतून मी एकटा होतो.

गोदाक्का मूळच्या माणच्या. कॉलनीच्या मागच्या बाजूला शिपाई लोकांच्या खोल्या होत्या, त्यांतली शेवटची त्यांची. कुणाच्याही दारात उभ्या राहून बेधडक जुनी लुगडी मागायच्या आणि मिळालेल्या लुगड्याला नावेही ठेवायच्या. दुपारी ओट्यावर चार दगड ठेवून कापड ताणायचे, कडेने सुरुवात करून आत आत धावदोरा घालत जायचा. टाका तांदळाएवढा. मी एकदा पट्टी लावून पाहिले होते, एका इंचात सात टाके भरले. सत्त्याहत्तर साली धोंडिबांना अर्धांगवायूचा झटका आला, नोकरी सुटली. घर चालवायला गोदाक्कांपुढे दोन वाटा होत्या. गोधड्या विकायच्या, नाहीतर भोसरीच्या एका शेडमध्ये तीन रुपये रोजाने लोखंडी पट्ट्यांच्या कडांची खरखरीत बर कानशीने घासायची. म्हणून आमच्या वार्षिक हस्तकला विक्रीत ती पहिली गोधडी त्यांनी दिली. अडतीस दुपारी लागल्या होत्या. अपेक्षा चाळीस रुपयांची होती.

विक्रीतल्या वस्तूंच्या किमती ठरवण्याचा नियम मीच बसवला होता. मालाचा खर्च, त्यावर पंचवीस टक्के. कुणी मनाला येईल तो भाव लावू नये, मैत्रिणीमैत्रिणींत रुसवे होऊ नयेत, एवढाच हेतू. चोवीस रुपयांची लोकर आणणारीचा स्वेटर तीसला जाई, आणि कुणाची तक्रार नव्हती. गोधडीला दोरा आणि सुया मिळून तीन रुपये चाळीस पैसे. लुगडी जुनी, त्यांची किंमत शून्य. गुणाकार केला तो सव्वाचार आला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “बरोबर आहे. चिंध्याच ना शेवटी.”

“व्हय, चिंध्याच,” गोदाक्का दारातून म्हणाल्या. “तुमच्याच घरनं आणल्यात. ती हिरवी कोयरीची तुमची.”

सुनंदा हसली. मी समजावून सांगितले की तक्त्यात मजुरीचा रकाना नाही, बायका घरीच रिकाम्या वेळात करतात, मजुरी कशी मोजणार? गोदाक्का म्हणाल्या, “मग वाढवा की भाऊ एक. कागुद तुमचाच हाय.” मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. त्या म्हणाल्या, “चाळीस लावा. न्हाईतर मला भोसरीला जावं लागंल.” मी सव्वाचारची चिठ्ठी टाचली. गोधडी परत मागण्याची सोय नव्हती. एकदा नोंदवलेली वस्तू विक्री संपेपर्यंत परत द्यायची नाही, हाही नियम माझाच.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासात पुण्याच्या एक बाई आल्या. हस्तकलेचे त्यांना चांगले कळत असावे, कारण टेबलावरचे बाकी काही न बघता त्यांनी गोधडी उलटी करून मागचे टाके पाहिले. दहाची नोट काढून विचारले, “एवढीच?” मी मोजून पाच रुपये पंचाहत्तर पैसे परत दिले. गोदाक्का मंडपाच्या खांबाजवळ उभ्या होत्या. संध्याकाळी मंडळाचा दहावा हिस्सा वजा करून त्यांना तीन रुपये त्र्याऐंशी पैसे दिले. हिशेबात अर्धा पैसा येत होता, तो मी त्यांच्या बाजूने धरला. तेव्हा मला ते फार न्यायाचे वाटले होते.

सोमवारी त्या भोसरीला गेल्या. पुढच्या पावसाळ्यात शेडवाल्याने त्यांना कानशीवरून पत्रा कापायच्या प्रेसवर बसवले, आणि आठ दिवसांत उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट पेऱ्यापासून गेले. मलमपट्टी आणि आठ दिवसांचा रोज मिळाला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या डाव्या हाताने मेथी निवडत होत्या. मला म्हणाल्या, “तुमच्या तक्त्यात बोटांचा रकाना हाय का हो भाऊ?” आणि स्वतःच हसल्या. मी चहा न घेता उठलो.

एकोणऐंशीच्या सुरुवातीला सुनंदा आणि मी पुण्यात एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. तिथे भिंतीवर, चित्र लावावे तशी, ती गोधडी लावलेली. हिरवी कोयरी लांबूनच ओळखली. खाली पुण्याच्या बाईंचे नाव आणि किंमत एकशे साठ. त्याही तिथेच होत्या. मला ओळखून त्यांनी आणखी सहा गोधड्या हव्यात म्हणून सांगितले, प्रत्येकी चाळीस रुपयांना. मी आनंदात घरी आलो आणि तसाच गोदाक्कांकडे गेलो. चांगली बातमी आहे असे म्हणूनच सांगायला सुरुवात केली, हे मला आज लिहावेसे वाटत नाही, पण तसेच झाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “किती म्हनला?” मी म्हणालो, एकशे साठ. “आन् आपुन सव्वाचार…” एवढे बोलून त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. त्या हातात सुई धरता येत नव्हती.

ऑर्डर सोडायची नाही असे मंडळात ठरले. सहा सभासदांनी सहा गोधड्या करायच्या, गोदाक्कांनी शिकवायचे. चांगल्या घरच्या बायका चाळीस दुपारी फुकट बसणार नाहीत, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले, आणि मी नवा तक्ता केला. दोरा तीन चाळीस, मजुरी छत्तीस साठ, एकूण चाळीस. पट्टीने एक रेघ जास्त मारावी लागली. अर्धे मिनिट गेले असेल.

अकरा दुपारी गोदाक्का आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. तो अधू हात कापडावर वजनासारखा ठेवायच्या आणि डाव्या हाताने दाखवायच्या. “वैनी, दोरा वढू नका, त्यो बैल न्हाई,” असे सुनंदाला म्हणायच्या. अध्यक्षबाई एकदा म्हणाल्या, “पदर घ्या हो त्या हातावर, बघवत नाही.” गोदाक्का म्हणाल्या, “तुमचे टाके बघितल्यावर ह्योच बरा दिसतो, बाई.” सगळ्या हसल्या. पण पदर त्यांनी घेतला.

शिकवण्याचे काय द्यायचे, असे मी बैठकीत एकदा विचारले. अध्यक्षबाई म्हणाल्या, रोज चहा घेतलाय की त्यांनी, आणि त्यांचा एकही टाका नाही त्यात. मी पुढचा विषय घेतला. सहांतले एक चाळीस आमच्या घरात येत होते. दोनशे चाळीस रुपये, मंडळाचा दहावा हिस्सा न कापता, सहा जणींना वाटले गेले. सुनंदाने स्टीलचे डबे घेतले. गोदाक्कांनी त्यानंतर तीन वर्षांत मंडळाचे नाव काढले नाही. मला रस्त्यात भेटल्या की माझ्या पोरांची चौकशी मात्र करायच्या, थोरला कितवीत गेला हेही त्यांना ठाऊक असायचे.

त्यांचे बारावे झाल्यावर सुनंदाने घरखर्चातले चाळीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते धोंडिबांकडे नेले. बिछान्यावर बसूनच त्यांनी नोटा मोजल्या आणि परत दिल्या. म्हणाले, “तिच्या हातचं काई असतं तर घेतलं असतं. हे तुमच्या मंडळींच्या हातचं हाय.” मी आग्रह केला नाही. घरी आलो तर सुनंदाही ते परत घेईना. दोन दिवस पैसे माझ्या खिशात राहिले. खर्च करवेनात आणि ठेववेनात. शेवटी अध्यक्षबाईंकडे गेलो आणि हे गोदाक्कांचे पैसे आहेत, मंडळात जमा करा, असे सांगितले. त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढले आणि गोदाक्कांचे पूर्ण नाव विचारले. मला ते माहीत नव्हते. परत धोंडिबांकडे जाऊन विचारून यावे लागले.

पावती माझ्याकडे आहे. रुपये चाळीस, रोख. देणाऱ्याचे नाव सौ. गोदावरी धोंडिबा पारखे. कारण, देणगी. रक्कम मिळाली महिला मंडळास.