कवटीवाला बस्त्याव

बस्त्याव शनिवारी पहाटे आपली मोठी फटफटी हाताने ढकलत फाटकाबाहेर काढायचा आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तशीच न्यायचा. तिथे गेल्यावर सुरू करायचा. एकदा मी गॅलरीतून म्हणाले, "अरे, इथंच चालू कर की. कंबर मोडून घेशील." तर खालून हळूच म्हणाला, "मावशी, सुट्टी आहे, लोकांना झोपू दे."

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका विलात आम्ही भाडेकरू. वर मी, मुलगा, सून आणि नात. खाली बस्त्याव, त्याची बायको मार्था आणि मुलगी रोझी. मूळचा वसईचा. एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. सहा वर्षं शेजार होता. अंगाने आडवा, दाढी छातीपर्यंत, आणि चामड्याच्या काळ्या जाकिटावर पाठीमागे भली मोठी कवटी. मला ती बघवायची नाही.

"ही मढ्याची खोपडी कशाला रे पाठीवर?"

"सिनेमात तसंच असतं, मावशी. आणि ही नसली ना, तर सिग्नलला लोक मला पार्सलवाला समजतात. आल्या आल्या चार वर्षं तेच केलंय. कोण ढुंकून बघत नाय."

त्याच्यासारखे दहा-बारा जण होते. त्यात एक दातांचा डॉक्टर, एक ड्रॉइंगचा मास्तर, बाकी ऑफिसवाले. अल ऐनच्या रस्त्याने जायचं, चहा-पराठा खायचा, अकराच्या आत घरी. बस्त्याव इतका सावकाश चालवायचा की ट्रकवालेसुद्धा हॉर्न मारायचे. "घाई असेल त्याने कारने जावं. फटफटीवर कसली घाई?" हे त्याचं नेहमीचं. माझ्या नऊवारीला कडक इस्त्री त्याच्याच हातची. सुनेला म्हणायचा, "तू हात लावू नको, पोरी. नऊ वार म्हणजे खेळ नाय."

मग एक दिवस एक पोरगेला माणूस त्यांचा व्हिडिओ काढायला कॅमेरा घेऊन आला. सगळ्यांना फाटकासमोर ओळीत उभं केलं. मी वरून बघत होते.

"अंकल, हसू नका. चष्मा काढा. रागाने बघा."

"चष्मा काढला तर मला कॅमेराच दिसत नाय, हबीबी," बस्त्याव म्हणाला आणि डोळे बारीक करून शोधू लागला. व्हिडिओत तेच दिसलं. जणू कोणाचा तरी खून करायला निघालाय. चार मिनिटांचा व्हिडिओ, खाली ढोल वाजतायत, नाव दिलं 'वाळवंटातली टोळी'. लाँड्रीचं नाव नाही, दातांच्या डॉक्टरचं नाही. नात ओरडली, "आजी, अंकल इज अ गँगस्टर!" बस्त्याव इतका खूश झाला, की वसईला सगळ्यांना त्यानेच पाठवला.

तिथेच बिघडलं. रोझीचं वसईच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. दोघं एकमेकांना पसंत होती. मुलाच्या बापाने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, गुंडाच्या घरात सोयरीक नको. रोझी जेवेना. शेवटी असं ठरलं की मुलाची आत्या दुबईत नोकरीला आहे, तिने येऊन शेजारीपाजारी चौकशी करावी आणि ती म्हणेल ते खरं. हे मला मार्थाने सांगितलं होतं.

आत्या माझ्याकडे आली. चहा घेतला. म्हणाली, "तुम्ही शेजारी. खरं सांगा, माणूस कसा आहे?"

काय सांगायला हवं होतं ते वर लिहिलंच आहे. मी म्हणाले, "शनिवारी टोळी निघते. कवटी लावून फिरतात. आपण बाई लांबच राहतो."

असं का बोलले? मला त्याची कधी भीती वाटली नव्हती. पण ती चार मिनिटं नातीच्या फोनवर इतक्यांदा बघितली होती की तीच तोंडात आली. आणि बाई डोळे मोठे करून ऐकत होती, तेही बरं वाटलं. दुसरं कारण नाही.

लग्न मोडलं. बस्त्यावने दाढी काढली, फटफटीवर कापड टाकलं. मी विचारलं, "जात नाहीस शनिवारचा?"

"खलास, मावशी. पोरीचं वाटोळं मीच केलं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी विचारलं, "जेवलास का?"

पाच महिन्यांनी लाँड्रीत काम करता करता कोसळला, तो उठलाच नाही. वसईला माती देऊन मायलेकी घर रिकामं करायला परत आल्या. रोझी माझा निरोप घ्यायला वर आली. मग म्हणाली, "आजी, आत्या चार घरी विचारणार होती. पप्पाच म्हणाले, फक्त वरच्या मावशीला विचारा. ती फटकळ आहे, पण खोटं बोलत नाय. आत्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही. तुम्ही काय बोललात?"

मी सांगितलं. एकही शब्द न बदलता.

ती उठली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा दोघींना विमानतळावर सोडायला निघाला. मी गॅलरीत उभी होते. गाडीत बसताना मार्थाने माझ्याकडे बघून हात हलवला. म्हणजे पोरीने आईला सांगितलं नव्हतं.