छातीवर न गेलेला हात

चष्मेवाल्यांच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, आणि त्यावर कुठल्याही औषधाच्या दुकानात गोळी मिळत नव्हती. फायनलला प्लेटमागे त्यांचा मेहुणा उभा राहणार होता आणि ते स्वतः बेसवर.

सॉफ्टबॉल न पाहिलेल्याला यात एवढं काय, असं वाटेल. दोघेही पंचच की! पण फटका मारणाऱ्याच्या पाठीमागे, प्लेटमागे उभा राहणारा पंच म्हणजे सामन्याचा मालक. प्रत्येक चेंडूवर त्याचा शब्द चालतो. बेसवरचा पंच कोणी पळालं तर पळतो, नाहीतर माश्या मारतो. वर्षानुवर्षं फायनलची प्लेट चष्मेवाल्यांची होती. एरवी ते चष्म्याचं दुकान चालवायचे. प्रेक्षकांतून कोणी "ओ पंच, चष्मा लावा!" असं ओरडलं की ते वळून म्हणायचे, "दुकान उद्या उघडतं, या!" आणि अख्खं मैदान हसायचं. यंदा संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, "तुमचे गुडघे आता कुरकुरतात. बघू तरी मेहुण्याला. जमलं तर मोठ्या स्पर्धेलाही तोच."

जमलं तर! न जमायला काय झालं? शिकवलं कोणी? याच चष्मेवाल्यांनी दुकानाच्या काउंटरवर चष्म्यांची चार घरं बेस म्हणून मांडून बायकोच्या या धाकट्या भावाला कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, ते घोटवून घेतलं होतं. आता हा आयत्या बिळावर नागोबा झाला होता. वर नम्र! तेच जास्त झोंबत होतं. माणूस उर्मट असला की मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात.

सामन्याआधी मेहुणा पायाचे पॅड बांधत म्हणाला, "दाजी, आपलं नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच," चष्मेवाले म्हणाले.

नेहमीचं म्हणजे असं. ज्याने निर्णय दिला, तो निर्णय त्याचाच. कोच कितीही नाचला तरी जोडीदाराने न विचारता तोंड उघडायचं नाही. पण जोडीदाराला काही वेगळं दिसलं असेल, तर त्याने उजवा हात गुपचूप छातीवर ठेवायचा. मग कोचने दाद मागितली की निर्णय देणाऱ्याने जोडीदाराला बाजूला नेऊन विचारायचं. ही खूण चष्मेवाल्यांनीच काढलेली. दुकानात शिकवताना ते म्हणायचे, "दोन पंच म्हणजे चार डोळे, पण तोंड एकच."

मेहुण्याने सामना छान चालवला. इतका छान, की चष्मेवाले बेसवर उभे राहून त्याची चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती. पॅव्हेलियनमध्ये सेक्रेटरी मान डोलवत होते. प्रत्येक डोलण्याला यांचा जळफळाट होत होता.

शेवटच्या डावात गुण बरोबरीत होते. सेकंड बेसवर एक मुलगी, फटका लांब मैदानात. मुलगी होमकडे, म्हणजे मेहुण्यासमोरच्या प्लेटकडे, सुटली. फटका मारणारी पहिल्या बेसवर थांबली, म्हणून चष्मेवाल्यांना होमकडे बघायला सवड मिळाली. चेंडू आला, प्लेटवरच्या कॅचरने तो पकडून ग्लोव्ह तिला लावला आणि दोघी धुळीत कोसळल्या. मेहुण्याच्या बाजूला कॅचरची पाठ होती. चष्मेवाल्यांच्या बाजूला तिचं पोट. ग्लोव्हमधून पिवळा चेंडू सुटला, तिच्या पोटाखाली घरंगळला आणि तिने दुसऱ्या हाताने तो पटकन उचलला. चेंडू सुटला की आउट नाही.

"आउट!" मेहुण्याची मूठ वर गेली.

चष्मेवाल्यांचा उजवा हात छातीकडे जायला निघाला आणि खिशापाशीच थांबला. हात बोलला असता तर म्हणाला असता, मी जातो. पोटातलं दुखणं म्हणालं, कशाला? होऊ दे की त्याचीही फजिती! बघू दे सेक्रेटरींना! त्यांनी हात खाली सोडला आणि मान फिरवली.

फटका मारणाऱ्या संघाचा कोच धावत आला. "चेंडू सुटला होता! पडलेला दिसला नाही तुम्हाला?"

मेहुण्याने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने चष्मेवाल्यांकडे एकदा पाहिलं. आणि खूण नसतानाही चालत मैदानाच्या मधोमध आला.

"दाजी, काय दिसलं?"

'मला दिसलं नाही' म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण निर्णयाबद्दल खोटं बोलायची त्या जिभेला सवयच नव्हती. शिवाय निर्णय फिरवला की याची लाज जाईलच, असाही एक गोड विचार मनात होता. "सुटला होता," ते म्हणाले.

मेहुणा परत गेला आणि दोन्ही हात आडवे पसरले. सेफ! जिंकणारा गुण मिळाला, सामना संपला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यासाठी! हरलेल्या संघाच्या कोचनेसुद्धा त्याचा हात हातात घेतला. सेक्रेटरी पंचांच्या खोलीत येऊन त्याची पाठ थोपटत म्हणाले, "फायनलमध्ये स्वतःचा निर्णय फिरवायला छाती लागते. मोठ्या स्पर्धेची प्लेट तुझी!"

ते गेल्यावर मेहुणा पॅड सोडत खाली बघून म्हणाला, "दाजी, खूण का नाही केली?"

"राहून गेली घाईत."

"हं." तो पट्ट्यांशी झटत राहिला. "मी बघितलं तेव्हा तुम्ही सेकंडकडे टक लावून होतात. सेकंडवर कोणीच नव्हतं. म्हटलं, दाजी रिकाम्या बेसकडे बघतायत, म्हणजे दाजींना काहीतरी दिसलंय."

चष्मेवाले बुटाची नाडी सोडायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

दोघे घरी पोचल्यावर बायकोने दारातच विचारलं, "काय झालं? भांडण-बिंडण नाही ना?"

"ताई, आज दाजींनी वाचवलं बघ," मेहुणा म्हणाला. "माझा निर्णय साफ चुकला होता. त्यांनी लगेच खूण केली, म्हणून अब्रू राहिली."

"मला माहीतच होतं!" ती म्हणाली. "अहो, प्लेट नाही मिळाली म्हणून तुम्ही आठवडाभर तोंड पाडून बसला होतात. मी याला सांगितलंच होतं, रुसतील, पण मैदानात तुला एकटं नाही सोडायचे."

मेहुण्याने एकदा चष्मेवाल्यांकडे पाहिलं, मैदानात पाहिलं होतं तसंच.

त्या दिवशी मेहुण्याचे दोन निर्णय चुकले होते. पहिला सगळ्यांसमोर फिरवला गेला. घराच्या दारात दिलेला दुसरा फिरवायला चष्मेवाल्यांनी फक्त तोंड उघडायचं होतं. बायको कौतुकाने त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे.