रूथच्या दगडावरचा सात

सात वर्षांच्या मुलीच्या कबरीवर माझ्या वडिलांनी ‘वय एक’ असं कोरलं होतं.

आज आबांची पुण्यतिथी. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, म्हणून मी सांगते.
मोबाइलवर स्वतः टाइप करतेय, वय नव्वदीला टेकलंय, चुका सांभाळून घ्या.

आबा पाथरवट. मूळचे शिरपूरकडचे, पोटासाठी भुसावळला आलेले. जाती, पाटे-वरवंटे करायचे. पुढे चर्चच्या पाद्रीबाबांनी त्यांना कबरींच्या दगडांचं काम दिलं. तापीच्या बाजूला रेल्वेच्या लोकांची जुनी दफनभूमी आहे, तिथलं.

आबांना वाचता येत नव्हतं. मराठीही नाही, इंग्रजी तर लांबच.
पाद्रीबाबा कागदावर मजकूर लिहून द्यायचे. आबा तो कोळशानं दगडावर उतरवायचे, चित्र काढल्यासारखा. मग छन्नी लावायचे.

रूथ मिशनच्या शाळेत माझ्या शेजारी बसायची. एकाच तरटावर.
तिचे वडील सॅम्युएलकाका लोकोशेडमध्ये फिटर होते. आम्ही दुसरीत असताना तिला विषमज्वर झाला आणि ती गेली. स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट.

दगड आबांनीच केला.
पाद्रीबाबांच्या हाताचा इंग्रजी सात जवळजवळ एकासारखा असायचा, वरची रेघ अगदी आखूड. आबांनी दिसला तसा कोरला.

दोन वर्षांनी शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला लागले. एका रविवारी मी रूथच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले आणि पहिल्यांदा तो दगड वाचला.
नाव बरोबर होतं.
वयाच्या जागी एक होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. मला वाचता येतं म्हणून ते खूश होतील, असं मला वाटलं होतं.
ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

“रूथ कितला वरीसनी व्हती?”
“सात.”

ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी शेड सुटल्यावर आबा मला घेऊन सॅम्युएलकाकांकडे गेले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. काय चुकलं ते सांगितलं. नवा दगड करून देतो म्हणाले.

काका हळू आवाजात म्हणाले, मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. ती उठून फिरायला लागली तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कळलं नाही. दर रविवारी तिच्याबरोबर त्या दगडासमोर उभं राहायचं आणि गप्प राहायचं, अशी दोन वर्षं.

रूथची आई, मार्थामावशी, आतच होत्या. सगळं ऐकून बाहेर आल्या.
आता काकांवर चिडणार असं मला वाटलं. त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही. आबांना विचारलं,

“भाऊ, वाचणाऱ्याला काय वाटत असेल? तान्हं बाळ होतं म्हणून?”

मग स्वतःच म्हणाल्या,

“सात वर्षांची होती ती. पुढचे दोन दात पडले होते. स्वतःची वेणी स्वतः घालायची. ती सहा वर्षं मला दगडावर परत पाहिजेत.”

“मनी चूक शे, बाई. सकायले येस मी.”

नवा दगड मात्र मावशींनी नको म्हटलं. याच दगडाला हात लावून आपण तिच्याशी बोलत आलोय, हाच राहू दे, म्हणाल्या.

सकाळी आम्ही चौघं गेलो.
काम म्हणाल तर एवढंच, एकाच्या डोक्यावरची रेघ लांब करायची. पण काळा दगड. कड उडाली असती तर संपलंच.
आधी कोळशानं रेघ काढली. मला विचारलं, “हाई सात शे ना?”
मी हो म्हटलं. मग काकांना दाखवलं. मग मार्थामावशींनाही दाखवलं. त्यांना आकडा कळत नव्हता, तरी दाखवलं. आणि मगच छन्नी लावली.

मावशींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, आता झाली माझी पोर पुरी.

त्यानंतर आबांनी दोन माणसांकडून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय एकही दगड कोरला नाही. इंग्रजी आकडे माझ्याकडून शिकले. अक्षरं नाही, फक्त आकडे.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात काका रिटायर झाले आणि ते दोघं नगरकडे गेले. पुन्हा भेट नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात कॉलेजची काही मुलं हेरिटेज म्हणून त्या दफनभूमीची यादी करत होती. प्रत्येक दगडाचा फोटो, मोजमाप, सगळं व्यवस्थित. रूथच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘आकड्यात नंतर फेरफार, वय संशयास्पद.’
मुलांची चूक नाही. ती रेघ खरंच जास्त खोल आहे, बघणाऱ्याला कळते.
मी त्यांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर खोडून लिहिलं, ‘वय सात. दुरुस्ती मूळ कारागिराची.’

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं विचारलं, तिथं कोणी मोठं माणूस नाही, मग हेरिटेज कसलं?
नाही, मोठं कोणीच नाही. फायरमन आहेत, गार्ड आहेत, एक नर्स आहे, आणि बाळं तर खूप. चर्चचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. ही माणसं आपल्या गावात राहिली, राबली आणि इथंच गेली, हे सांगणारे आता तेवढे दगडच उरलेत.
माझ्यासाठी हेरिटेज म्हणजे एवढंच.

दगड घडवणाऱ्यानं स्वतःचं नाव कोरायची पद्धत नव्हती. आबांची रक्षा आम्ही तापीत सोडली. त्यांचं नाव कुठंच कोरलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

सखाराम पाथरवट.

आबा, लेकीचा नमस्कार.